'इतर'मध्ये टाकलेली माणसं

नवी वस्तू घ्यायची म्हटलं की आपण सगळे काय करतो? कशात काय काय आहे ते बघतो. ज्यात जास्त, ते भारी! बल्गेरियातल्या आमच्या प्लोव्हदिवच्या झ्लातिनाचं तर पोटच या कामावर होतं. तिच्या गटानं बनवलेला प्रोग्रॅम गिऱ्हाइकांचे हजारो अभिप्राय वाचायचा आणि कुठल्या कंपनीच्या वस्तूत काय सरस, काय कमी, याचा तक्ता मांडायचा; जे कुठल्याच रकान्यात बसेना, ते 'इतर'मध्ये टाकायचा.

या वेळी तुलना होती कानाच्या यंत्रांची. हे काम देणाऱ्या, गावातल्याच दिमचेवसाहेबांच्या कंपनीचं यंत्र प्रत्येक रकान्यात पहिलं! झ्लातिनानं रिवाजाप्रमाणे ऑफिसभर चॉकलेटं वाटली. साहेब आता हेच यंत्र मोठ्या प्रमाणावर काढणार होते आणि पुढचं कामही तिलाच देणार होते.

गटातला भाषेचा जाणकार ओग्न्यान चॉकलेट चघळत म्हणाला, "बाईसाहेब, 'इतर'मध्ये काय कोंबलंय ते वाचलंस का?"

"म्हाताऱ्यांची कुरकुर रे! एकाही सोयीचं नाव नाही त्यात."

"ऐक तर. 'बॅटरी बोटांतून निसटते. नातीच्या लग्नात नुसता हसत बसलो.' हे दुसरं. 'शेजारीण आली की यंत्र बसवून देते. तोवर घर मुकं.'"

झ्लातिनानं ती यादी स्वतःकडे ओढून घेतली. ओग्न्यान थांबला नाही.

"प्रोग्रॅमला आपण शब्द शिकवले कुठून? कंपन्यांच्या जाहिरातींतून! त्या जे मिरवतात तेवढंच त्याला कळतं. जी सोय कुणी दिलीच नाही, ती त्याला दिसणार कशी? आणि आपण माणसांना कुरकुरे ठरवून मोकळे!"

"अरे, हातचं काम जाईल."

"जाईलही. पण तक्ता अर्धवट आहे, हे आता तुला माहीत आहे."

झ्लातिनानं प्रोग्रॅमला ती वाक्यं नव्यानं शिकवली. तक्त्यात रकाना वाढला: स्वतःच्या हातानं बसवता येतं का? सगळ्याच कंपन्या आपटल्या, दिमचेव सर्वांत खाली.

"परवा पहिला, आज नापास?" नवा तक्ता बघून साहेब भडकले. "थट्टा चाललीय का?"

झ्लातिनानं लोकरीचे जाड हातमोजे पुढे केले. "हे घालून बॅटरी बदला, साहेब. म्हातारपणी बोटं अशीच होतात."

बॅटरी टुणकन टेबलाखाली! दुसरीही गेली. साहेब गुडघ्यांवर बसून शोधत राहिले, आणि उठले ते डोळे पुसतच.

"आईनं यंत्र कपाटात टाकलंय. मी तिला हट्टी म्हणत होतो हो!"

त्यांनी उत्पादन थांबवलं. नवं यंत्र आलं, नुसतं डबीत ठेवलं की चार्ज होणारं. पहिला फोन झ्लातिनाला आला तो साहेबांच्या आईचा. "पोरी, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला!"

झ्लातिनाची मान ताठ झाली, आणि आम्हा गावकऱ्यांचीही!

वाचकहो, यंत्राला ऐकायला आपणच शिकवतो. तेव्हा कुणाच्याही बोलण्याला कुरकुर म्हणण्याआधी आपण ते पुरतं ऐकू या.