खैरझिऱ्याला तासभर

वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून सुकदेवभाऊ रिटायर झाले त्याला सव्वादोन महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात त्यांनी घरातला एक डबा म्हणून जागेवर राहू दिला नव्हता. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, पत्ते नाहीत, उगाच आवाज चढवणं नाही. पण चौतीस वर्षं भोंग्यावर उठलेल्या माणसाला एकदम सांगितलं की आता निवांत बसा, तर तो कसा बसणार? पहाटे पाचला आंघोळ, सहाला फॅक्टरीच्या गेटपर्यंत चक्कर, सातला परत, आणि मग दिवसभर सुनंदाबाईंच्या मागे. डाळीला तीनच शिट्ट्या का. पोळपाट डाव्या हाताला का. एके दिवशी तर त्यांनी मसाल्याच्या डब्यांना नंबर टाकले. बाई हळद शोधत होत्या आणि हे ओट्याजवळ उभे राहून सांगत होते, "चार नंबर, चार नंबर."

शनिवारी संध्याकाळी सुनंदाबाईंनी बॅग भरायला घेतली. शिंदखेड्याला त्यांचा भाऊ जीवराम राहतो. त्याला नातू झाला होता, मंगळवारी बारसं होतं आणि सोमवारी सकाळी निघायचं होतं. सुकदेवभाऊ शेजारी उभे राहून साड्यांच्या घड्या कशा घालाव्यात ते शिकवत होते. शिकवता शिकवता त्यांची नजर बॅगेच्या तळाशी गेली. तिथं लोकरीची शाल होती.

"श्रावणात शाल कशाला?"

"थंडीत लागेल."

"अगं, बारसं मंगळवारी आहे."

"मंगळवारी बारसं शे. मी परत कव्हय येसू ते कोठे सांगं?"

सुनंदाबाई एरवी चारचौघांसारखं बोलत. माहेरची अहिराणी तोंडात आली की मामला गंभीर आहे, एवढं भाऊंना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ते खाटेवर टेकले आणि लगेच उठले.

"हे पहा," बाई म्हणाल्या, "तुमना पायले भिंगरी शे. इतला वरीस मी एकली बठनी, ते चालनं. आते तुम्ही घरमा शेतस, तरी घडीभर मन्हाजोडे बठतस का?" मग त्या आपल्या नेहमीच्या बोलण्यावर आल्या. "दर श्रावणात गल्लीतल्या बायका खैरझिऱ्याला जाऊन येतात. मी कधी पाहिला नाही. उद्या मला न्या. धबधब्यासमोर माझ्याजवळ एक तास बसा. चल म्हणायचं नाही, उठायचं नाही. बसलात, तर शाल काढून ठेवते आणि बुधवारी परत येते. नाहीतर दिवाळीही तिकडेच करीन."

"एवढंच ना?" सुकदेवभाऊ हसले. पण रात्री अंथरुणात त्यांना ते हसू काही आठवेना. दिवाळी म्हणजे चांगले अडीच महिने, आणि शाल काही दिवाळीला लागत नाही, त्याच्याही पुढं लागते.

खैरझिरा रावेरच्या पुढं, सातपुड्याच्या पोटात. केळीच्या बागा संपल्या की रस्ता चढाला लागतो आणि डोंगर असा मधोमध चिरल्यासारखी घळ लागते. दोन्ही बाजूंना काळे कडे, कड्यांवर साग आणि अंजनाची झाडं, खाली दगडांतून पळणारा ओढा. घळीच्या शेवटाला धबधबा. वनखात्यानं तिथं फाटक बसवलंय, तिकिटाची खिडकी केलीय, पायवाटेला बाण रंगवलेत. रविवार असल्यानं गर्दी बरीच होती. बायका बहुतेक हिरव्या साड्यांत होत्या, आणि सुनंदाबाईही हिरव्याच.

फाटकाशी खाकी कपड्यांतला अमीन तडवी तिकिटं देत होता. सुनंदाबाई ओट्यावर बसून दुखऱ्या गुडघ्याला पट्टा चढवत होत्या. सुकदेवभाऊ खिडकीसमोर गेले. समोर फाटक, फाटकाशी खाकी कपडे. पुढचं सगळं, फॅक्टरीच्या गेटवर रोज व्हायचं तसं, त्यांच्या हातांनी आपोआप केलं. खिशातून मोबाईल काढला, खिडकीत ठेवला, दोन पावलं मागं झाले आणि झडतीसाठी दोन्ही हात वर करून उभे राहिले.

अमीननं एकदा मोबाईलकडे बघितलं, एकदा भाऊंकडे. "बाबा, चार्जिंगला लावायचा का?"

भाऊंनी हात खाली घेतले. मागं रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. आता सवय होती म्हणून चुकलं, एवढं म्हणून मोबाईल उचलायचा, तर तेवढंही त्यांच्यानं होईना. "हो," ते म्हणाले. "लावून ठेवा. जाताना घेतो."

"चला आता," त्यांनी वळून सुनंदाबाईंना हाक मारली आणि चालायला लागले.

पहिली पाच मिनिटं ते बायकोच्या बरोबरीनं चालले. मग दोन पावलं पुढं. मग दहा. वाट छान होती, हवा गार होती, आणि भाऊंच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता: लवकर पोचलं की लवकर बसता येईल, लवकर बसलं की तास लवकर संपेल. मागून सुनंदाबाई काहीतरी म्हणाल्या. ओढ्याच्या आवाजात ते विरलं. "हो हो, ये सावकाश," असं न वळताच म्हणून भाऊ पुढं झाले. वाटेला फाटा फुटला तिथं एक बाण पायऱ्यांकडे होता, एक खाली ओढ्याच्या पात्राकडे. दोन्ही वाटा धबधब्यालाच जातात असं पाटीवर लिहिलं होतं. पात्राची जवळची दिसली. ते दगडांवरून उड्या मारत निघाले. साठीचा माणूस, पण चाल अजून पहिल्या पाळीची.

धबधब्यासमोर पोचल्यावरच त्यांनी मागं बघितलं. मागं सुनंदाबाई नव्हत्या.

येतील म्हणून त्यांनी पाच मिनिटं काढली, उभ्यानंच. पाणी वरून धो धो पडत होतं, कुंडाच्या काठावर पोरंबाळं ओरडत होती, तुषारांनी चष्मा भरत होता. दहा मिनिटं झाली. फोन करावा म्हणून त्यांनी खिशात हात घातला आणि हात रिकामा बाहेर आला. मोबाईल फाटकावर चार्जिंगला होता. ते पायऱ्यांच्या वाटेनं तरातरा खाली उतरले. वाटेत दिसेल त्या हिरव्या साडीच्या तोंडाकडे बघत होते. एका बाईनं तर पदर सावरून नवऱ्याला हाक मारली. फाट्यावर सावद्याचं एक कुटुंब भेटलं. "हिरव्या साडीतली बाई पाहिली का? गुडघ्याला पट्टा आहे."

"पट्टा नाही पाहिला," त्यातले गृहस्थ म्हणाले, "पण हिरव्या साडीतल्या एक बाई आत्ताच खालच्या वाटेनं वर गेल्या."

झालं. ती वाट चुकून पात्रातून गेली, त्या गुडघ्यानं, त्या शेवाळलेल्या दगडांवरून! भाऊ पुन्हा पात्रात उतरले. एका दगडावर त्यांचाच पाय सटकला आणि कोपर सोललं. ते धापा टाकत कुंडाशी आले. हिरव्या साडीतली बाई तिथं होती. ती भलतीच कुणीतरी होती, आणि सेल्फी काढत होती.

कुंडाच्या कडेला निखाऱ्यांवर मक्याची कणसं भाजत शेवंताबाई बसली होती. हा माणूस दोनदा आला, एकदा गेला, हे ती बघतच होती. दुसऱ्यांदा तो पायऱ्यांकडे वळला तशी ती बोलली.

"बाबा, कुणाला शोधता?"

भाऊंनी सांगितलं.

"मग बसा ना एक जागी. वाटा दोन हायेत. तुम्ही हिकडून उतरणार, ती तिकडून येणार. दोघं फिरत राहिलात तर दिवस बुडेल. एकानं हलायचं, एकानं बसायचं."

भाऊ तिच्या शेजारच्या दगडावर बसले. घड्याळात साडेतीन झाले होते.

बसणं म्हणजे काय असतं, ते सुकदेवभाऊंना त्या दगडावर कळलं. पायांना मुंग्या येत होत्या, पण उठलं आणि नेमकी त्याच वेळी ती दुसऱ्या वाटेनं आली तर? पायऱ्यांकडे मान, पात्राकडे मान. दर हिरव्या साडीला काळीज उडायचं आणि परत जागेवर यायचं. गुडघा मुरगळला असेल. घसरली असेल. चिडून परत गेली असेल, आणि एसटीत बसून थेट शिंदखेड्याला. पावणेचार. चार. शेवंताबाईनं न मागता कणीस हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं, खाल्लं नाही.

फॅक्टरीत कधी अचानक ओव्हरटाईम लागायचा. पाळी सुटायची चारला आणि घरी पोचायला रात्रीचे नऊ व्हायचे. आत फोन चालत नाही, आणि पहिली कित्येक वर्षं तर घरी फोनच नव्हता. सुनंदाबाई दारात उभ्या असायच्या. दिपमाला, त्यांची मुलगी, ओट्यावरच पेंगत असायची. "सांगता नाही आलं का?" असं बाईंनी सुरुवातीला एकदोनदा विचारलं होतं. "आत गेल्यावर कसं सांगणार?" असं म्हणून भाऊ हातपाय धुवायला जायचे, आणि ताटावर बसले की म्हणायचे, भाकरी गार झाली. ही वाक्यं आपण बोललो होतो हेसुद्धा ते विसरून गेले होते. आज एकेक करून सगळी आठवली. त्यांना स्वतःचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. ती नसलेलं घर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. सगळ्या डब्यांना नंबर घातलेलं घर.

साडेचार वाजून गेले. गर्दी पांगायला लागली. पावणेपाचला पायऱ्यांच्या वळणावर सुनंदाबाई दिसल्या. एक हात कठड्यावर, एका हातात चपला. ओल्या पायांनी, एकेक पायरी मोजून घेत, अगदी सावकाश येत होत्या.

सुकदेवभाऊ उठले तर पाय पार बधिर. तसेच लंगडत पुढं गेले, आणि इतका वेळ मनात जे जे घोळवलं होतं त्यातलं काही न येता तोंडातून निघालं, "कुठं मेली होतीस?" कणीस अजून हातातच होतं.

सुनंदाबाईंनी त्यांचं सोललेलं कोपर बघितलं, चष्मा बघितला. "फाट्याच्या अलीकडे. ओढ्याला मोठं अंजनाचं झाड आहे ना, त्याच्या मागच्या दगडावर. तुम्हाला सांगितलं की गुडघा ठणकतोय, मी इथं बसते. तुम्ही म्हणालात, हो हो."

"मी फाट्यापर्यंत आलो होतो गं!"

"तिथून आणखी शंभर पावलं आला असतात तर दिसले असते." त्या दगडावर टेकल्या. "फोन लावला तर तो तिकीटवाला अमीन बोलला. म्हणाला, बाबा फोन ठेवून गेले, हातसुद्धा वर केले होते." बाईंना हसू आवरेना. "फाटकावर झडती द्यायला निघाले, आवो!"

भाऊंनाही हसू आलं, पण त्यांना महत्त्वाचं सांगायचं होतं. "मी बसलो. साडेतीनपासून. सव्वा तास. या बाईला विचार."

"बसले," शेवंताबाईनं निखारे विझवता विझवता साक्ष दिली. "लई चुळबुळ केली, पण दगड सोडला नाही."

"म्हणजे शाल काढणार ना? बुधवारी येणार ना?"

सुनंदाबाई धबधब्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच बघत होत्या, आणि भाऊंनी तोंड मिटून ठेवलं.

"तुम्ही माझ्यासाठी बसलात, हे मला पोचलं," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? तो फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, आता मला कुणी हाक मारणार नाही. पाण्यात पाय सोडून बसले. हे इथं का ठेवलं, ते तसं का केलं, कुणी विचारलं नाही. लग्नानंतर एवढा वेळ मी कुणाची वाट न बघता कधी बसले नव्हते. तुमची पण नाही. मन्हा जीव असा गार व्हयना, काय सांगू."

"म्हणजे?"

"म्हणजे मी काही दिवस राहीन तिकडे. रागानं नाही. राग गेला माझा, तुमचा अवतार बघूनच गेला."

"दिवाळीपर्यंत?"

"मनात येईल तेव्हा येईन."

खालून अमीनची शिट्टी ऐकू आली, फाटक बंद व्हायची. लोक उठले, पिशव्या भरल्या गेल्या. सुकदेवभाऊ बसूनच राहिले. गयावया करावी असं त्यांना वाटलं. रागवावं असंही वाटलं. दोन्ही गिळून त्यांनी लहान पोरासारखं विचारलं, "मग तोवर मी काय करू?"

सुनंदाबाईंनी त्यांच्या हातातून थंडगार झालेलं कणीस घेतलं, मधोमध मोडलं आणि अर्धं परत त्यांच्या हातात दिलं.

"वाट बघा," त्या म्हणाल्या. "पहिले काही दिवस जड जातं. मग सवय होते."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं, आणि कणसाचे दाणे सोलू लागल्या.