मला मोडणारे हात

मित्रांनो, मी एक जुना सर्फबोर्ड आहे, शेपटी तुटलेला. लाटेच्या पाठीवर उभं राहून माणसं घसरत येतात ना, त्यांच्या पायाखालची फळी म्हणजे मी. माझा किनारा पाहिलात तर हसाल. मूठभर वाळू, बाकी सगळे काळे, धारदार खडक. पण संध्याकाळी सूर्य त्या खडकांच्या बरोबर मधे बुडतो, म्हणून लोक लांबून बघायला येतात. आणि लाटा? त्या तिथे नुसत्या येत नाहीत, अंगावर धावून येतात.

टायरच्या दुकानामागच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. माझे मालक बोर्ड बनवण्यात तरबेज. त्यांनी फोमचा ठोकळा तासून मला आकार दिला, वर काचेच्या धाग्यांचं कापड चढवलं, सुकून टणक होणारं रेझिन ओतलं आणि घासून घासून गुळगुळीत केलं. बोर्ड वाहून जाऊ नये म्हणून त्याच्या शेपटीपासून स्वाराच्या घोट्यापर्यंत एक रबरी पट्टा असतो. तो पट्टा मालक माझ्या शेपटीवरच्या कडीला सुतळीने बांधत. होय, साध्या सुतळीने! जोराचा हिसका बसला की सुतळी तुटायची आणि मी थेट खडकावर. मला भयंकर राग यायचा. एवढा देखणा बोर्ड, आणि सुतळीपुरता हात आखडता!

माझ्यावर स्वार व्हायची मालकांची लेक. एक नंबरची हट्टी. मोठी लाट दिसली की हिला चेव यायचा. लोक म्हणायचे, "काय बोर्ड आहे!" आणि मी फुगून जायचो. पण सुतळी तुटली की खडक माझे लचके तोडायचे आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा तर माझं नाकच फुटलं. ते तिने रात्रंदिवस खपून जोडलं, आणि वडिलांना न सांगता सुतळीच्या जागी जाड नायलॉनची दोरी बांधली, गाठीवर गाठ मारून.

"आता बघू तुला कोण नेतो ते," ती म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच संध्याकाळी समुद्र चवताळलेला होता. एका लाटेने आम्हाला उचललं आणि खडकांत आपटलं. लेक खाली गेली. पट्टा तळाच्या खडकाच्या कपारीत अडकला. तिने जीव खाऊन ओढलं. एरवी सुतळी कधीच तुटली असती, पण नायलॉन तुटेना. तळाशी ती अडकलेली, म्हणून वर मी ताठ उभा राहिलो, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. माझ्यामागे सूर्य बुडत होता. खडकांवरचे पाहुणे टाळ्या वाजवू लागले.

"अरे, फोटो काढ, फोटो!"

बोर्ड असा उभा राहतो तेव्हा खाली माणूस गुदमरत असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मालकांना ठाऊक होतं. त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. लाटेने त्यांना खडकावर फेकलं, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्यांनी मला गाठलंच. गाठी सुटेनात. मग त्यांनी मला खडकाच्या धारेवर आडवं दाबलं आणि माझ्या शेपटीवर लाथा घालायला सुरुवात केली. "मोड रे! मोड!" ते ओरडत होते. ज्या हातांनी मला घडवलं तेच हात मला मोडायला निघाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून मोडावंसं वाटलं. कडाड्कन आवाज झाला आणि माझी शेपटी कडीसकट तुटली. पट्टा सैल पडला.

लेकीला त्यांनी वाळूवर ओढून आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ते तिच्या पाठीवर थापा मारत राहिले. शेवटी तिने भडाभडा पाणी ओकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, बोर्ड मोडला का?"

मालकांनी तिच्या थोबाडीत मारली. मग तिचं डोकं छातीशी आवळून ते ढसाढसा रडले. "मोडला! मी मोडला! असे शंभर मोडीन!"

मित्रांनो, वस्तू जपून वापराव्यात, हे तुम्हाला सगळेच शिकवतात. जरूर वापरा. पण ती सुतळी कंजूषपणाची नव्हती. मालकांनी माझ्यावर पहिल्या दिवसापासूनच पाणी सोडलेलं होतं, लेकीसाठी. म्हणून माझी विनंती आहे, आवडती वस्तू हातून निसटली आणि खडकाकडे निघाली, तर तिला खुशाल जाऊ द्या. आम्हाला पुन्हा घडवता येतं. तुम्हाला नाही.