टाचेतला भाडेकरू

टाचेवरचा काळा डाग डॉक्टरांनी कापून काढला, तेव्हापासून मी त्याला भाडेकरू म्हणतो. न विचारता घुसला आणि जाताना टाचेचा लचका घेऊन गेला.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी मी संशोधन केंद्रात त्यांच्या एका अभ्यासासाठी रक्त द्यायला जातो. तिथली संशोधक माझ्या सुनेच्या वयाची. बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून मी तिला रेडिओ म्हणतो. मेलानोमाच्या, म्हणजे या त्वचेच्या कर्करोगाच्या, गाठीत मूठभर मूळपेशी फार चिवट असतात, हे मला तिनेच समजावलं. औषध आलं की त्या मेल्याचं सोंग घेतात आणि सगळं शांत झालं की पुन्हा डोकं वर काढतात. तसं झालं तर रक्तात एक प्रथिन वाढतं. त्याला हे लोक मार्कर म्हणतात, आणि त्याच्यावरच सगळ्यांचा डोळा होता.

माझा डोळा फोनवर. बायको गेल्यापासून मुलगा फक्त रिपोर्टच्या दिवशी फोन करतो. परगावी असतो, कामात गळ्यापर्यंत बुडालेला. एरवी घरात आवाज असतो तो फ्रिजचा, आणि तोही रुसल्यासारखा मधेच गप्प होतो.

आज रेडिओ हसतच आली. "काका, मार्कर वाढलेला नाही! पाच वर्षं झाली, आता अभ्यासातून तुमची सुटका. यायचं काम नाही."

बरं झाल्याचं दुःख करणारा मी पहिलाच गाढव असेन.

"तुम्हाला तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं ना? त्यात घ्या मला."

"नाही चालत हो काका. ज्यांना कर्करोग कधीच झाला नाही, तेच लागतात."

म्हणजे मी आजाऱ्यांत नाही आणि धडधाकटांतही नाही. तसाच खुर्चीला चिकटून बसलो. तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "चला, तुमचा भाडेकरू दाखवते."

माझ्या गाठीतल्या पेशी त्यांनी आतल्या प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. उबदार कपाटातून तिने एक चपटी बाटली काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लांबुळक्या पेशी तळाला घट्ट धरून बसल्या होत्या. चांगलं बाळसं धरलं होतं.

"एक दिवसाआड यांचं खाणं बदलते मी. सुट्टीतसुद्धा येते. नाहीतर मरतात बिचाऱ्या."

मला हेवा वाटला, माझ्याच आजाराचा. त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी करायला कोणीतरी सुट्टी मोडून येत होतं.

घरी पोचतोय तोच फोन वाजला.

"बाबा, काय म्हणाले?"

'सुटलो' अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हटलं की पुढच्या फोनला निमित्त उरणार नव्हतं.

"मार्कर किंचित वाढलाय म्हणतात," मी म्हणालो.

"घाबरू नका, बाबा. मी उद्या येतोय. चांगला आठवडाभर राहतो."

फोन ठेवला आणि लाज वाटली, फार वाटली. पोराच्या जिवाला उगाच घोर लावला. आल्या आल्या तो रेडिओला भेटायचं म्हणेल आणि माझं पितळ उघडं पडेल, हेही कळत होतं.

तरी मी उठलो. त्याच्या खोलीतली चादर बदलली, उशी उन्हात टाकली आणि उद्यापासून दूध जास्त हवं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात सांगायला गेलो.

"कोण येतंय?" दुकानदाराने विचारलं.

"मुलगा," मी म्हणालो. त्याने नीट ऐकलं होतं, तरी मी पुन्हा एकदा म्हणालो, "मुलगा येतोय माझा."