आतली कडी

आमच्या लेकीची पाण्याची बाटली दर रविवारी मैदानावरून भरलेलीच परत यायची आणि दर रविवारी मी तिला बोलायचे. मी नर्स आहे. दिवसभर लोकांच्या मागे पाणी प्या, पाणी प्या म्हणून लागायचं आणि स्वतःच्या घरात ही तऱ्हा. ती मुकाट्याने ऐकून घ्यायची, बाटली मोरीत रिकामी करायची आणि आंघोळीला जायची. असं का, हे मी एकदाही विचारलं नाही.

लेक आमच्या फुटबॉल क्लबच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे. क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. पाण्याच्या टाकीमागचं सार्वजनिक मैदान, दोन गोलपोस्ट, मुलांचे दोन संघ, मुलींचा एक, आणि आम्ही पालक. प्रशिक्षक बस कंडक्टर आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. रविवारच्या मॅचसाठी ते आठवडाभर कुणाकुणाच्या ड्युट्या करून देतात.

दोन वर्षांपूर्वी तिथे आम्ही एक खोली बांधली, कपडे बदलायला आणि आत एक संडास. एका मुलीचे वडील ट्रक चालवतात, त्यांनी पाडलेल्या कारखान्याच्या विटा आणल्या. भिंगरीचा बाप गवंडी, त्याने भिंती उभ्या केल्या. भिंगरी म्हणजे आमची उजवीकडची खेळाडू, बॉल पायात आला की कुठे वळेल सांगता येत नाही. आम्ही बायकांनी पाळ्या लावून तीन आठवडे भिंतींना पाणी मारलं. दार आणि बाकं केली माझ्या धाकट्या दिरांनी. भावजी सुतार आहेत. बोलण्यात कंजूष, पण त्यांनी बसवलेलं दार एका बोटाने लोटलं तरी नीट लागतं.

मग टाइल्सचे दुकानवाले आले. त्यांनी फरशीसाठी शिल्लक टाइल्स दिल्या आणि आम्ही हुरळून जाऊन त्यांना अध्यक्ष केलं. सहा महिने बरे गेले. मग खोलीत एक कपाट आलं, करंडक ठेवायला. मग काचेचं टेबल. मग सोफा. शेवटी दारावर ‘कार्यालय’ अशी पाटी आली आणि पाटीच्या पाठोपाठ कुलूप. किल्ली अध्यक्षांच्या खिशात. किमती वस्तू आहेत, थोड्या दिवसांची सोय आहे, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही मान डोलावली.

मुलगे बांधावर उघड्यावरच कपडे बदलू लागले. मुलींसाठी आम्ही चौघी आया भिंतीच्या कोपऱ्यात ताडपत्री धरून उभ्या राहायचो. वारा आला की आम्हीच हेलकावे खायचो आणि हसत सुटायचो. वार्षिक समारंभात अध्यक्षांनी आम्हाला मुद्दाम उभं केलं आणि म्हणाले, या माता ताडपत्री धरतात, हीच आपल्या क्लबची एकजूट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

अशी आठ महिन्यांची एकजूट झाल्यावर तो रविवार आला. मॅच भर दुपारची. दुसऱ्या हाफमध्ये भिंगरी बॉल घेऊन निघाली, दोघींना चुकवलं, आणि समोर कुणी नसताना मटकन खाली बसली. आम्हाला वाटलं पाय मुरगळला. मी धावत पोचले तोवर ती आडवी झाली होती. ओठ पांढरे, जीभ कोरडी, नाडी पळत होती. तिला सावलीत नेलं, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. दहा मिनिटांनी तिने डोळे नीट उघडले तेव्हा विचारलं, शेवटचं पाणी कधी प्यायलीस?

ती म्हणाली, “काल रात्री.”

“का गं?”

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. उत्तर दिलं ते माझ्या लेकीने. “प्यायलं की जावं लागतं, आई. कुठे जायचं? आम्ही कुणीच पीत नाही.”

त्या सगळ्या जणी भोवती उभ्या होत्या आणि एकीनेही नाही म्हटलं नाही. त्यांचं आपसात ठरलेलं होतं. रविवारी सकाळी उठल्यापासून मॅच संपून घरी जाईपर्यंत पाणी नाही. आठ महिने. आणि आम्ही बाहेर ताडपत्री धरून स्वतःच्या पाठी थोपटत होतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच उठले आणि खोलीकडे गेले. दार उघडं होतं, कारण अध्यक्ष आत होते. दोन पाहुण्यांना घेऊन सोफ्यावर बसले होते, पंखा सुरू होता, चहा चालला होता. मी झाला प्रकार सांगितला आणि किल्ली मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाहुण्यांसमोर आवाज चढवणाऱ्यातले ते नव्हेत. म्हणाले, “ताई, मुलींनी घरूनच जाऊन यावं. एवढी शिस्त तर हवीच.”

रुग्णालयात मी डॉक्टरांशीही भांडते, इथे मात्र माघारी निघाले. वळले तर मागे भावजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते सायकलवर बसून गेले आणि पाव तासात हत्यारांची पिशवी घेऊन परत आले.

आधी त्यांनी दाराबाहेरचा कोयंडा काढला. एकेक स्क्रू काढून खिशात टाकला, घाई नाही की आदळआपट नाही. अध्यक्ष सोफ्यावरून उठले आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागले.

“कडी आतून हवी,” भावजी म्हणाले. “माझंच चुकलं. तेव्हाच आतून लावायला हवी होती.”

एव्हाना भिंगरीचा बाप आला, ट्रकवाले आले, मास्तर आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. टेबल बाहेर गेलं, कपाट गेलं. सोफा मात्र दारात अडकला. हा आत गेलाच कसा, यावर तेवढ्यातही वाद झाला. अखेर भावजींनी बिजागऱ्या काढून दार उतरवलं, सोफा बांधावर नेऊन ठेवला आणि दार पुन्हा बसवलं. पाहुणे हातात कप घेऊन उन्हात उभे होते. दाराला आतून कडी लागली तेव्हा आमच्या मुली रांगेने आत गेल्या. दुसऱ्या संघाच्या मुलीही त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांनाही सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी अध्यक्षांच्या सहीचं पत्र आलं. क्लबच्या मालमत्तेची मोडतोड केल्याबद्दल भावजींना मैदानावर यायला बंदी, आणि त्यांची पुतणी म्हणून माझ्या लेकीचं नाव संघातून कमी. मोडतोड! त्या दाराचं लाकूडसुद्धा भावजींनी स्वतःच्या पैशांनी आणलं होतं. पण मला राग आला तो दुसऱ्या ओळीचा. मोठ्या माणसाशी भांडण, म्हणून तेरा वर्षांच्या पोरीला शिक्षा. भावजी संध्याकाळी आले आणि खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं. मी माफी मागून येतो.” मी त्यांना सांगितलं, माफी मागितलीत तर या घरात जेवायला वाढणार नाही.

रविवारी मास्तरांनी यादी वाचली. त्यांना वाचावीच लागली. आवाज पार उतरला होता. लेक माझ्याशेजारी कडेला उभी होती. यादी संपली आणि संघाची कॅप्टन मैदानाच्या मध्यभागी जाऊन खाली बसली. मग भिंगरी बसली. मग बाकीच्या. पंचांनी दोनदा समजावलं, पंधरा मिनिटं वाट बघितली आणि शिटी वाजवून मॅच समोरच्या संघाला दिली. समोरच्यांनी हात मिळवले आणि गुण घेऊन ते निघून गेले. त्यांच्याकडून मी वेगळी अपेक्षा केली होती. उगाच केली.

मग पालकांनीच सभा बोलावली. खोलीत वीस माणसं मावतात, साठ आली. खिडकीला तोंडं लावून उभी राहिली. अध्यक्ष सुरुवातीलाच म्हणाले की या क्लबसाठी आपण काय केलं ते लोक विसरले आहेत, या टाइल्स कुणी दिल्या ते आठवावं. भिंगरीचा बाप मागे उभा होता. तो सभेत कधी बोलत नाही. तो म्हणाला, “छिन्नी आणलीय, साहेब. सांगा, आत्ता उखडून देतो. पोरगी माझी पडली होती.”

कुणी हसलं नाही. अध्यक्ष त्यांना हटवायच्या मतदानाच्या आधीच राजीनामा बाकावर ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवून त्यांनी सोफा नेला. टाइल्स राहिल्या.

लेकीचं नाव परत आलं, भावजींवरची बंदी उठली. पण सोडून दिलेल्या मॅचचे तीन गुण परत आले नाहीत आणि मुलींचा संघ पुढच्या फेरीसाठी दोन गुणांनी कमी पडला. त्या दिवशी लेक घरी येऊन रडली आणि मला म्हणाली, तुम्ही मोठ्यांनी हे आठ महिने आधी केलं असतं तर? भिंगरीची माफीही अजून कुणी मागितलेली नाही, आम्हीसुद्धा.

नव्या समितीत लोकांनी मला घातलं. तीन संघांना एक संडास पुरत नाही, म्हणून दुसऱ्यासाठी मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात मी अर्ज दिला. अर्ज वर गेलाय, असं तिथला कारकून सांगतो. वर म्हणजे कुठे, ते त्याला माहीत नाही. मी दर गुरुवारी ड्युटी संपली की गणवेशातच जाते आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते. गेल्या वेळी मास्तर बरोबर होते. येत्या गुरुवारी भिंगरीची आई येतेय, आणि मुलींनाही यायचंय म्हणे. शाळा सुटल्यावर, सगळ्यांना.