मोठ्यानं सांगा

सिस्टरनं डायपरच्या पट्ट्या सोडल्या आणि बाळाचे दोन्ही पाय एका हातात धरून वर उचलले. जांघा लालभडक झाल्या होत्या, घड्यांमधली कातडी सोलवटली होती. बाळ कळवळून रडत होतं. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्यांना दिसू नये म्हणून एरवी ती आधी पडदा ओढून घेई. आज तिनं तो ओढला नाही.

बाळाला घेऊन आलेल्या आजीला तिनं दारातच ओळखलं होतं. तिच्या दुसरीच्या वर्गावरच्या बाई. केस पिकले होते, पाठ वाकली होती, हनुवटी मात्र तशीच वर. सुंभ जळला, पीळ तेवढा राहिला. बाईंनी तिला ओळखलं नाही.

त्या वर्गात तिनं दोनदा विचारलं होतं, बाहेर जाऊ का म्हणून. दोन्हीदा बाईंनी गप बसायला सांगितलं. मग व्हायचं ते झालं. बाईंनी तिला दाराशी उभं केलं, काय केलंस ते मोठ्यानं सांग म्हणाल्या, आणि शाळा सुटेपर्यंत ओल्या कपड्यांतच ठेवलं. मांड्या चरचरत होत्या. ती पाय फाकून घरी गेली. पोरांनी तिचं नाव 'गळकी' ठेवलं, ते सातवीपर्यंत पुरलं. त्याला आता तीस वर्षं झाली होती.

"आजी, किती वेळ ओलं ठेवलंत याला?"

बाई काहीतरी पुटपुटल्या. सून कामावर जाते, दुपारचं बाळ त्यांच्याकडेच असतं, असं काहीसं.

"मोठ्यानं सांगा. ऐकू येत नाही."

"माझा डोळा लागला," बाई म्हणाल्या. "तीन-चार तास. हा रडला असणार. मला कळलंच नाही."

"अंग सोलवटेपर्यंत लेकरू रडतं आणि तुम्ही झोपता?"

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाईंची हनुवटी खाली आली. सिस्टरच्या जिवाला गार वाटलं, आणि तिला थांबवेना. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं तिनं बाळाचं अंग हलकेच टिपलं, वाऱ्यावर कोरडं होऊ दिलं, मग पांढरं मलम जाडसर लावलं. हे चोळून जिरवायचं नाही, ओल आणि कातडी यांच्यामध्ये त्याचा थर राहिला पाहिजे, हे तिनं खोलीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. लेकरू सांभाळणं झेपत नसेल तर सुनेला तसं स्पष्ट सांगून टाका, असंही सुनावलं. बाळ रडायचं थांबलं होतं. बाईंनी मलमाची ट्यूब पिशवीत टाकली, बाळाला उचललं आणि कुणाकडेही न बघता त्या निघून गेल्या.

सिस्टरनं पुढचा नंबर पुकारला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारला तेव्हा बाकावरचं कुणीतरी म्हणालं, ती पोरगी आत्ताच उठून गेली. तिच्याही बाळाला हेच झालं होतं.

सिस्टर दुसरी ट्यूब घेऊन बाहेर धावली. पोरगी फाटकापर्यंत पोचली होती. विशीचीही नसेल. कडेवरचं बाळ किरकिरत होतं. सिस्टरनं हाक मारली तशी ती दचकून वळली, बाळाला छातीशी घट्ट धरून एक पाऊल मागे सरली.

"मी झोपले नव्हते हो, सिस्टर," ती म्हणाली.