पुसला गेलेला ठिपका

लेन्सची परीक्षा घेणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवायचं, लेन्सची रिंग हाताने फिरवायची आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरंही रेखीव येतात का ते बघायचं. भल्याभल्या लेन्सची तिने मासिकात बिनपाण्याने केली होती. लग्नाचा अल्बम दाखवायला आलेल्या मैत्रिणीलाही ती आधी ‘कडा जरा मऊ आहेत’ असं ऐकवायची.

या वेळचा अंक जुन्या लेन्सवर होता, म्हणून ती बाबांच्या बंद स्टुडिओत आली. आई होती तेव्हा तिथेच बसून ब्रशने फोटो रंगवायची. बाबांची लेन्स कपाटात होती. रिंगवर रंगाचा वाळका थेंब दिसला. सवयीप्रमाणे तिने तो नखाने खरवडला, वर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि लेन्स बाबांच्या हातात दिली.

बाबांचं बोट रिंगवर चाचपडलं. “ठिपका कुठे गेला गं?”

“तो डाग? पुसला मी.”

“डाग कसला! माझे डोळे अधू झाले तेव्हा तुझ्या आईने लावला होता तो. बोट त्यावर आलं की खुर्चीतला माणूस बरोबर फोकसमध्ये. गिऱ्हाईक नसलं की तीच बसायची.” त्यांनी रिंगवरून परत बोट फिरवलं. “एकदा तुझा फोटो काढायचा होता मला. राहिलाच आता.”

तिने लेन्स परत हातात घेतली.

“मी फोकस करून देते ना, बाबा.”

“मग फोटो तुझाच झाला की!”

शेवटी तिने लेन्स आपल्या कॅमेऱ्याला जोडली, जमिनीवरच्या जुन्या खुणांवर स्टँड उभा केला आणि ती खुर्चीत बसली. बाबांनी डोळे मिटून हाताच्या सवयीने रिंग फिरवली, थांबवली, बटण दाबलं.

तिने लगेच फोटो पडद्यावर मोठा केला. चेहरा धूसर. मागे खुर्चीच्या पाठीचा वेत मात्र काडी न् काडी स्पष्ट.

“फोकस मागे गेलाय, बाबा.”

“जाणारच. तू लहानपणापासून पुढे वाकून बसतेस. तुझी आई टेकून बसायची.”

तिला रडू फुटलं. डोळे पुसून ती परत खुर्चीत गेली आणि पाठ टेकून बसली.

“आता काढा.”

बटणाचा आवाज झाला. हा फोटो तिने मोठा करून पाहिला नाही.