रिकाम्या खाटेवरचं ओझं

भुतांशी माझं पहिल्यापासून वाकडं. मुधोळच्या आमच्या बौद्ध घरात त्यांना थारा नव्हता, आणि नर्स झाल्यावर मला त्यांच्यासाठी वेळही नव्हता. तरी शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, वांकिडीकडच्या एका दवाखान्यात, मी एका भुतासाठी वॉर्डात शेण मागवलं.

रेणुकाबाईच्या छातीत पाणी झालं होतं. आडवी केली की श्वास कोंडायचा, म्हणून पाठीशी उशा रचून तिला बसती ठेवायचो. पण डोळा लागला की ती दचकून उठायची. कोपऱ्यातली खाट तिने हट्टाने मागून घेतली होती. तिचा नवरा चंपतराव आदल्या वर्षी त्याच खाटेवर गेला. माणूस जायला टेकला की त्याला खाली जमिनीवर घ्यायचं, ही इकडची रीत. खाटेवर गेला तर जीव खाटेला अडकतो म्हणतात. चंपतराव अचानक गेला, खाली घ्यायला कोणाला सवडच मिळाली नाही.

"ते इथंच हायेत, सिस्टर," रेणुकाबाई म्हणाली. "माहा हात धरून राह्यले. झोपू देत नाई."

"काऊन?"

"मले खाली घ्या म्हन्ते."

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गोळीने झोप आली खरी, पण झोपेतच बाई ओरडायला लागली. मला राग आला, तोही त्या मेलेल्या माणसाचा. बायकोला धड आजारीसुद्धा पडू देईना!

रोग्याला कशाने आराम वाटेल ते आधी बघा, असं आम्हाला शिकवलं होतं. देह, मन, घरची माणसं, खोली, सगळं त्यात आलं. त्यात भूत येतं का, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी ठरवलं, येतं.

दुपारी रेणुकाबाईला खुर्चीत बसवलं. आया चंपाबाईने कोपऱ्यातली फरशी सारवली, वर घोंगडी अंथरली. खाटेवरच्या चादरीची डोक्याकडची टोकं मी धरली, पायाकडची रेणुकाबाईच्या मुलाने, नागनाथने. चादर रिकामी होती, सकाळी मीच झटकून घातलेली. उचलली आणि माझी मनगटं खाली ओढली गेली. नागनाथ पांढराफटक पडला. दोघांनी हळूहळू ती घोंगडीवर टेकवली. रेणुकाबाईने चादरीच्या डोक्याकडे चमच्याने पाणी सोडलं.

"झालं तुमच्या मनासारखं," ती म्हणाली. "जा आता."

त्या दिवसापासून ती झोपायला लागली. बसल्या बसल्या, पण गाढ. दुधात भाकरी कुस्करून खाल्ली, चंपाबाईची थट्टा केली. मला इतका आनंद झाला की शेणावरून बसलेली डॉक्टरांची बोलणीसुद्धा गोड लागली.

पाणी मात्र पुन्हा भरलं. शेवटचा श्वास लागला तेव्हा नागनाथने घोंगडी अंथरली. मी त्याला अडवणार नव्हते. रेणुकाबाईनेच खाटेची कड घट्ट धरली.

"नको. आडवं झालं का दम कोंडते."

"आई, जीव अटकन."

"अटकू दे. सिस्टर हाये नं."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून गेली. तोंडावर कसलाही त्रास नव्हता. मला हवं होतं तसंच झालं होतं.

बैलगाडीत प्रेत ठेवून माणसं निघाली. मी चादर काढायला कोपऱ्यात आले, आणि माझा हात पुढे होईना. मी भुताला मानत नाही. पण बाई माझ्या भरवशावर खाटेवर गेली होती.

मी धावत बाहेर आले. "नागनाथ," मी म्हटलं, "गाडी थांबव. आत ये, दोन टोकं धर."